सदतीस नंबरचा पाय

नीवेस मार्कातोचा डावा पाय बरोबर सदतीस नंबरचा होता आणि फिएस्सो गावात त्याला मान होता. उजवा किंचित मोठा. त्याची कुणी दखल घेत नसे.

इटलीतल्या ब्रेंता नदीकाठच्या या गावात बायकांचे महागडे जोडे बनतात. निदान डब्यावर तसं छापलेलं असतं. शिवणकाम रोमानियात जाऊन बरीच वर्षं झाली. नीवेस मूळची शिवणारीच. पण मशीनं ट्रकवर चढली तेव्हा मालक जेलिंदो बाल्दान यांनी तिला ठेवून घेतलं, ते हातांसाठी नव्हे. तिकडून आलेला प्रत्येक नमुना तिनं पायात घालायचा, जिना चढायचा-उतरायचा आणि कुठं चावतो ते सांगायचं. मग साचे कापणारा ओत्ताव्हिओ कागदी साचा दुरुस्त करायचा.

"मी दोन हातांनी राबून मिळवतो ते मेहुणीबाई एका पायावर मिळवतात," तिच्या बहिणीचा नवरा बारमध्ये सांगायचा. "तेही डाव्या!"

त्या वसंतात पॅरिसच्या खरेदीदारांना प्रश्न पडला: शिवण तिकडं होते, तर माप इकडं कशाला?

"एक हंगाम करून बघू म्हणतात," मालक म्हणाले. "जमलं तर नमुन्याची खोली बंद. तू, ओत्ताव्हिओ, सगळेच."

"आणि तिकडं पाय कोण शोधणार?"

"तू."

"वा! माझी कबर मीच खणायची. वर प्रवासखर्च तुमचा."

"जेवणही," मालक म्हणाले.

रोमानियातल्या कारखान्यात पाहुणी येणार म्हणून बायका पाय धुऊन, नखं रंगवून बसल्या होत्या. वाईट पाय निवडणं अगदी सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण विओरिका नावाच्या शिवणारीचा पाय इतका नेमका होता की नीवेसला रागही आला आणि धंद्याच्या सवयीनं आनंदही झाला. उजवासुद्धा सदतीसच! विओरिकानं इटलीत एका म्हातारीची सेवा केलेली, त्यामुळे तिला भाषाही येत होती.

"कसा आहे जोडा?"

"छान आहे, बाई."

दुसरा?

"छान."

तिसऱ्यात नीवेसनं गुपचूप अक्रोडाचं टरफल टाकलं. विओरिका घामाघूम होत जिना चढून आली. "छान आहे, बाई."

"अगं पोरी, आत टरफल आहे!"

"मला वाटलं, फॅशन असेल."

फिएस्सोत माणूस न्याहारीच्या आधी कॉफी, धुकं, पाद्री आणि जावई यांच्याबद्दल तक्रार करून मोकळा होतो. हे कौशल्य आहे आणि जगात त्याचा तुटवडा आहे, हे नीवेसला तेव्हा प्रथम कळलं.

"म्हातारीकडं तक्रार केली असती," विओरिका म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये असते."

नीवेसनं एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. 'छान, छान' म्हणत जोडे दुकानात गेले असते, परत आले असते आणि खोली वाचली असती. जेवणाच्या सुट्टीत आंबट सूप पिताना तिनं हा विचार नीट करून पाहिला. पण फिएस्सोचं नाव छापलेल्या डब्यात चावणारा जोडा, ही कल्पना तिला सुपाबरोबर गिळता येईना.

"सूप कसं आहे?" तिनं विचारलं.

"छान."

"खारट आहे. म्हण."

"खारट आहे."

"कुणी केलंय?"

"माझ्या नणंदेनं."

"मग मोठ्यानं म्हण!"

यानंतर शिकवणी वेगानं पुढं गेली. आठवडा संपता संपता विओरिकानं फिएस्सोचा सगळ्यात जास्त खपणारा जोडा पायात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"टाचेवर घासतो."

"घासत नाही. तो मी पास केलाय."

"मग तुमची टाच दाखवा, बाई."

नीवेसनं मोजा काढला. इतक्या वर्षांच्या चाचण्यांनी टाचेची कातडी तळव्यासारखी जाड झाली होती. तिनं नखानं टोचून पाहिलं. काही कळलं नाही. मग मालकांना फोन केला.

"माझ्या टाचेला काही कळेनासं झालंय."

मालकांनी परत आलेल्या मालाची वही उघडली. तो जोडा दुकानांतून परत येत होताच. दोष मात्र रोमानियाच्या शिवणीला दिला जात होता.

"पॅरिसला सांगू?" मालकांनी विचारलं.

"सांगा. आणि ओत्ताव्हिओला साचा काढायला सांगा."

साचा दुरुस्त झाला आणि हंगामात परत येणारे जोडे जवळपास थांबले. पॅरिसवाल्यांनी खूश होऊन उंच बुटांचीही ऑर्डर दिली. खोली बंद करायचा विषय नंतर निघालाच नाही, कारण विओरिकाच्या प्रत्येक तक्रारीला इकडं नवा साचा लागायचा आणि आता तक्रारींना तोटा नव्हता. ओत्ताव्हिओला निवृत्त व्हायचं होतं. तो शिव्या घालत दोन नव्या मुलींना साचे कापायला शिकवतो आहे. रोमानियातही शिवणारणी वाढल्या. नीवेसचा पाय मोकळा झाला. ती आता ओत्ताव्हिओच्या शेजारच्या टेबलाशी बसते आणि तिकडचं दुखणं इकडच्या कागदावर कुठं येतं ते दाखवते.

परवा सकाळी फोन वाजला.

"बोल पोरी, आज काय?"

"बाई, नवे बूट छान आहेत."

नीवेसला काळजी वाटली. "जिना चढून बघ," ती म्हणाली.

पलीकडून पायऱ्यांवर टाचा वाजू लागल्या. नीवेसनं ओत्ताव्हिओला हातानं गप्प केलं आणि कान देऊन ऐकत राहिली.