शेवटची सोळा पानं

ग्रंथपाल बाईंना माणसं कळायची ती त्यांनी परत आणलेल्या पुस्तकांवरून, आणि एकदा कळली की ती मनातून उतरायचीच. पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या वाचनालयात सव्वीस वर्षं काढल्यावर बाईंच्या मनात कुणी उरलंच नव्हतं.

विमा कंपनीतला एक कारकून होता. आयुष्य कसं जिंकावं, या विषयावरची पुस्तकं तो ओळीनं वाचायचा आणि अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसून त्याच साहेबाची बोलणी खायचा. बाई त्याला मनातल्या मनात ‘विजेता’ म्हणायच्या. एक निवृत्त सर्व्हेअर इतिहासाच्या जाड ग्रंथांत पेन्सिलीनं सन दुरुस्त करून ठेवायचे; दुरुस्ती बहुतेक वेळा चुकीची. मुख्याध्यापिका कादंबरी हातात घेण्याआधी विचारायच्या, “यात शेवटी कुणी मरतं ना?” मरत नसेल तर पुस्तक परत कपाटात.

“बाई, काहीतरी चांगलं द्या,” असं कुणी म्हटलं की बाई त्याला चष्म्यावरून एकदा खालपासून वरपर्यंत बघायच्या आणि त्याच्या लायकीचं काहीतरी काढून द्यायच्या. लोकांना ते आवडायचंही. आपली लायकी काढली जातेय हे त्यांच्या गावीही नसायचं.

वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. त्यांच्या डोक्यातून एक टूम निघाली: सर्व आवडीनिवडींच्या वाचकांसाठी शंभर पुस्तकांची यादी. पन्नास कथा-कादंबऱ्या, पन्नास चरित्रं, प्रवासवर्णनं, इतिहास, विज्ञान वगैरे.

“पहिला नंबर त्या मोठ्या कादंबरीचा,” डॉक्टर बैठकीत म्हणाले. वाचनालयातली सर्वांत जाड कादंबरी ती, नऊशेबारा पानांची. “काय तो शेवट! दोन दिवस मी सुन्न होतो.”

समितीनं माना डोलावल्या. बाईंनीही यादीत लिहिलं, ‘गंभीर वाचकांसाठी. शेवट विसरता येत नाही.’

त्याच आठवड्यात वाचनालयातला गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला आणि जाता जाता सभासद होऊन गेला. बाईंनी त्याच्या हातात शहरांच्या पाणीपुरवठ्याचा सचित्र इतिहास ठेवला. चौथ्या दिवशी पुस्तक परत.

“नाही आवडलं?”

“चांगलं आहे की. पण बाई, दिवसभर पाइपातच असतो मी. घरी गेल्यावरही पाइपच?” त्यानं भिंतीवरची यादी वाचली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. “ही द्या.”

“झेपेल?”

“नाही झेपली तर परत आणीन. त्यात काय!”

दोन दिवसांत येईल, असं बाईंनी धरलं होतं. तो आला तीन आठवड्यांनी, आणि कादंबरी काउंटरवर आपटूनच बोलला, “शेवट कुठाय?”

बाईंनी मागचं पान उघडलं. आठशे शहाण्णव. ‘दार उघडून ती बाहेर आली आणि समोर पाहते तो’, एवढ्यावर पान संपत होतं आणि पुढे एकदम पुठ्ठा. फाटल्याची खूण कुठेच नाही. बांधणाऱ्यानं शेवटचा सोळा पानांचा फर्माच घातला नव्हता. ती पानं या वाचनालयात कधी आलीच नव्हती.

बाईंनी मागचं कार्ड काढलं. त्रेचाळीस जणांनी ही प्रत नेली होती. डॉक्टरांनी दोनदा. पुस्तक परत करताना मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले होते, तेही बाईंना चांगलं आठवत होतं. बाई काउंटरवर डोकं टेकून मोठ्यांदा हसल्या. सव्वीस वर्षांच्या तुच्छतेला असा लेखी पुरावा कधी मिळाला नव्हता.

प्लंबर हसला नाही. “मग तुम्हीच सांगा. समोर काय होतं?”

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. वीस वर्षांपूर्वी दोनशेव्या पानावर कंटाळून त्यांनी ती कादंबरी मिटली होती. काहीतरी ठोकून देता आलं असतं.

“मी वाचलेली नाही,” त्या म्हणाल्या.

“मग यादीत कशी लिहिलीत?”

“सगळे म्हणाले म्हणून.”

त्यानं बाईंकडे नुसतं पाहिलं. ती नजर बाईंच्या ओळखीची होती. आजवर ती फक्त काउंटरच्या दुसऱ्या बाजूला जायची.

शेजारच्या गावाच्या वाचनालयातून पूर्ण प्रत यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात बाईंनी आठशे शहाण्णव पानं वाचून काढली. जेवतानाही पुस्तक उघडंच. “वन्सं, भाजीत पान बुडालं,” वहिनी म्हणाल्या, तेव्हा कुठे मान वर झाली. मधल्या भागात कादंबरी खरोखरच थोर होती, आणि आपण हे वीस वर्षं हुकवलं याचा बाईंना भयंकर संताप आला.

प्लंबरनं शेवटची सोळा पानं काउंटरपाशी उभ्यानंच वाचली. “गुंडाळलाय हो शेवट! सगळ्यांना एका खोलीत कोंडलं आणि एकमेकांना माफ करायला लावलं. आमच्या घरात तर कुणी मीठसुद्धा मागितल्याशिवाय देत नाही.”

आदल्या रात्री शेवट वाचून बाईंचंही अगदी हेच मत झालं होतं.

पुढच्या बैठकीत त्यांनी जुनी प्रत डॉक्टरांपुढे सरकवली. “तो शेवट जरा वाचून दाखवता?”

डॉक्टरांनी पानं पुढे केली, मागे केली. “कुणीतरी फाडलेली दिसतात.”

“बांधलेलीच नाहीत. पहिल्या दिवसापासून.”

“अं... माझी घरची प्रत होती,” डॉक्टर म्हणाले. समितीनं पुन्हा माना डोलावल्या.

बाईंनी यादी फाडली आणि नवी लावली. तीत एकतीसच पुस्तकं होती, त्यांनी स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली. सव्वीस वर्षांत एकतीस! लिहिताना त्यांना स्वतःची इतकी किळस आली की पेन दोनदा खाली ठेवावं लागलं.

सभासदांना फरक पडला नाही. त्यांना काही कळलंही नाही, आणि बाईंना त्यांचा आदर वाटू लागला असंही नाही. प्लंबर मात्र महिन्याभरानं आला तो एकतिसांतली तीन पुस्तकं टाकाऊ आहेत असं सांगत. बाई खवळल्या. चष्मा काढून ठेवत त्या म्हणाल्या, “कुठली तीन? बसा इथे. एकेक करून सांगा.”