नानांची आडवी ट्रॉली

धुळ्याला समुद्र नाही यात सरकारचा हलगर्जीपणा आहे, असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझे थोरले दीर. तरुणपणी घरातून रुसून मुंबईला गेले, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागले, आणि निवृत्त होऊन आले ते सगळा समुद्र ट्रंकेत भरूनच. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्यासमोर मी अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. पण पदर घेतला की तोंडही मिटायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही.

तुम्ही त्यांच्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला जा नाहीतर मयतीला भेटायला जा, चहाच्या आधी थ्रस्टर येतो. "एवढं अवाढव्य जहाज," नाना हात पसरून सांगणार, "पुढं जाईल, मागं जाईल. पण धक्क्याला अंगानं टेकायचं म्हणजे आडवं सरकायला हवं. मग नाकाखाली आरपार बोगदा असतो, त्यात पंखा. पंखा पाणी इकडं फेकतो, नाक तिकडं सरकतं!" आणि मग बोट वर करून, "पण जहाज जोरात असलं ना, तर त्या पंख्याला कुणी विचारत नाही. वेग कमी झाला तरच त्याचं चालतं." समोरचा बिचारा मयतीचं विसरून माना डोलवतो.

जहाजावर भागेना म्हणून पुढे ते अवकाशात गेले. तिथं पाणी नाही, हवा नाही, तरी यान कसं वळतं? तर पोटातला वायू एका बाजूला फेकतं आणि आपण दुसऱ्या बाजूला सरकतं. हे नातवंडांना दाखवायला नाना चाकांच्या खुर्चीत बसले आणि दादर ज्वारीची भरली थैली जोर लावून समोर फेकली. खुर्ची सुसाट मागे गेली ती लोणच्याच्या बरणीवर. जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पोचलं का यान?" तेलात बसलेले नाना म्हणतात, "सिद्ध झालं ना पण! थांबवायचं असेल तर समोरून तेवढंच ढकलावं लागतं. नाहीतर ते जातच राहतं." ते समोरून ढकलायचं कलम त्यांनी खुर्चीलाही लावलं नाही आणि स्वतःलाही.

कारण याच विद्येनं आमच्या घरात भांडण लावलं. नानांच्या नव्या घराच्या फरश्या आमचे हे दोंडाईच्याहून ट्रॅक्टरनं घेऊन गेले. फाटक अरुंद, ट्रॉली भरलेली, हे मागं मान वळवून रिव्हर्स घेतायत, आणि नाना ओट्यावर कप्तानासारखे उभे. "आडवी ले! अजून आडवी!" हे ओरडले, "नाना, हाई ट्रॉली शे, जहाज नही!" तरी थोरल्या भावाचा शब्द म्हणून त्यांनी चाक फिरवलं, आणि फाटकाचा नवाकोरा खांब आडवा झाला. म्हणजे आडवं काहीतरी झालंच. नाना म्हणाले, याला गाडी येत नाही. हे म्हणाले, तुम्हाला जमीन येत नाही. एवढ्यावर दोन सख्खे भाऊ बोलायचे थांबले. मुलांची लग्नं झाली, बारशी झाली. एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू काढायचे, ते दळून रोट करायचे, आणि ते कुळातल्या माणसांनीच संपवायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. मी मुलांना घेऊन धुळ्याला जायची, हे घरी बसायचे. पण जाऊबाई यांच्या नावाची मूठ काढायच्याच. मग तो वाटा खायचा कोणी? नाना! भावाला शिव्या देत, ढेकर दाबत, शेवटच्या घासापर्यंत. "नाना, बोला ना त्यांच्याशी," मी म्हणायची. "आधी त्याला वेग कमी करू दे," म्हणायचे, आणि ओवा चघळायचे.

यंदा उन्हाळ्यात नाना आजारी पडले. उठले, पण अर्धे होऊन. कानबाईच्या आधी त्यांचा फोन आला. थ्रस्टर नाही, जहाज नाही, नुसतं एवढंच, "बाई, यंदा धाकट्याचा वाटा माझ्याच्यानं संपायचा नाही. रोट उरला तर कसं करायचं?"

मी ते यांना जसंच्या तसं सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. हे उठून चपला शोधायला लागले. मग म्हणाले, "जीपमा पेट्रोल शे का?"

धुळ्याला पोचलो तर नाना ओट्यावर, काठी धरून. जीप फाटकाशी आली. त्यांचा हात सवयीनं वर गेला आणि मध्येच खाली आला. नानांनी सूचना दिली नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"नाना, सांगा ना. आडवी लेऊ का?"

नाना काठी टेकवत एक पायरी खाली आले. "ले," म्हणाले, "ले, आडवी ले!" आवाज फाटकापर्यंतसुद्धा नीट पोचला नाही.

पण यांनी ऐकला. चाक फिरवलं, आणि जीप पुन्हा उभारलेल्या त्या खांबाला घासून आत आली. त्या रात्री यांनी आपला रोट स्वतः संपवला, आणि नानांच्या ताटातला उरलेलाही. खांबावरचा ओरखडा अजून तसाच आहे. नाना गवंड्याला हात लावू देत नाहीत. आता गेलं की चहाच्या आधी मीच विचारते, "नाना, ते नाकाखालच्या पंख्याचं काय हो?"