भेगेवरचा चुना
सुनेने आज भिंतीसाठी चुना भिजवला आणि त्या वासासरशी मला वैशाखरे गावाजवळच्या आमच्या पाड्यामागचा, खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग आठवला. मी तेव्हा नवी सून. पावसाच्या उघडिपीत ढिगाच्या माथ्यावर भेग दिसली. उतार तपासायला आलेल्या इंजिनीयरने भेगेवर चुन्याचा आडवा पट्टा ओढला, उरलेला चुना तिथंच ठेवला नि मला म्हणाला, "वहिनी, गवताला येता तेव्हा बघत जा. पट्टा तुटला तर ढीग सरकतोय." मी मोठी टापटिपीची! पट्टा तुटलेला दिसला की चुना लावून झकास सांधायची. इंजिनीयर परत आला, अख्खा पट्टा बघून खूश झाला. मी फुशारकीने म्हटलं, "रोज सांधते ना!" त्याचा चेहरा पांढराफटक. "रोज तुटतो?" बाजूलाच गवत कापणारी सासू किंचाळली, "अगो, तुला बघाया सांगितलेला, सारवाया नाय!" आम्ही ओरडत खाली धावलो. पोरं, म्हातारी, शेरडं, सगळ्यांना समोरच्या टेकाडावर काढलं. शेवटची शेळी वर चढतेय तोच मागे घरघर झाली आणि ढीग आमच्या रिकाम्या गोठ्यावर येऊन बसला. आत्ता सून विचारतेय, "आई, भिंतीतली ही भेग बुजवू?" म्हटलं, "थांब गो, आधी चार दिवस बघू दे."