माझा गुडघा आणि म्हाताऱ्याचा घास

तेविसाव्या वर्षी मी वृद्धाश्रमात राहायला गेलो. चितेगावच्या एका कारखान्यात शेडवर पत्रे ठोकताना खाली पडलो, कंबरेखालचं सगळं गेलं, आणि भावाच्या मुकुंदवाडीतल्या एका खोलीत माझी खाट मावेना. हर्सूलच्या बाजूच्या त्या आश्रमानं जागा दिली, पण माझ्यासाठी वेगळं काही करायची त्यांची तयारी नव्हती. म्हाताऱ्यांना रक्तदाब, म्हणून मलाही बिनमिठाची खिचडी. जेवण झालं की चारपर्यंत सगळ्यांनी पडून राहायचं, म्हणून मीही पडायचं. "आराम करा," व्यवस्थापकबाई म्हणायच्या. त्या शब्दाचा मला संताप यायचा. डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. रोज बसायचं, आणि कुणीतरी पाय वाकवून सरळ करायचे. नाहीतर सांधे आखडतील आणि चाकाच्या खुर्चीतसुद्धा बसता येणार नाही.

ते काम भाऊ करायचा, पाळी सुटली की सायकल हाणत येऊन. मग विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात तो पकडला गेला आणि हर्सूलच्याच तुरुंगात जाऊन बसला. आठवडाभर पाय तसेच पडून राहिले. उजवा गुडघा अडायला लागला.

आश्रमात कामाला एकच मावशी. सकाळचा तिचा अर्धा तास शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी ठरलेला. तहसिलातून निवृत्त झालेला हा कारकून अर्धांगवायूनं डाव्या बाजूला लुळा पडला होता. मावशी पेजेचा चमचा भरवायची, त्याच्या गळ्याकडे बघत थांबायची, घास उतरला की मगच दुसरा. मला ते बघवायचं नाही.

"मावशी, माझे पाय कधी?"

"मला काय चार हात हायत का?"

म्हाताऱ्यानं घास गिळला. "तरणाताठा हायेस, सोस की जरा. भाऊ नावापायी जेलात गेला, आता त्यालाच बोलाव पाय वाकवायला."

माझं डोकं फिरलं. "तुमचं काय राहिलंय आता? मला अजून चाळीस वर्षं काढायचीत!"

दुसऱ्या दिवशी बाई फेरीला आल्या तेव्हा मी त्याच्यादेखत सांगितलं, "यांचा उजवा हात धडधाकट आहे. स्वतः खातात, मावशीपुढं नाटक करतात." हे अर्धं खोटं होतं. हात चालायचा; गिळणं जमत नव्हतं. बाईंनी शहानिशा केली नाही. म्हाताऱ्याच्या पुढ्यात वाटी आली आणि मावशी माझ्या खाटेशी आली.

तो हट्टाला पेटला. माझ्याकडे डोळे वटारून भराभर चमचे तोंडात घालायचा आणि खोकायचा. तो खोकत असताना मावशी माझा गुडघा पोटाशी आणायची, आणि मी तिला मधेच उठू द्यायचो नाही. "अजून पाच वेळा," म्हणायचो. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. पेज छातीत उतरली, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथंच तो गेला.

पुढं महिन्यानं भाऊ सुटून आला. त्यानं गुडघा वाकवून पाहिला आणि हरखला. "लई झ्याक! आखडला नाय की. कुणी केलं हे?"

"मावशीनं."

"बरी सवड मिळाली तिला."

"मी मिळवून दिली," मी म्हणालो, आणि कशी ते त्याला सगळं सांगितलं.

त्यानं माझा पाय हळूच खाटेवर ठेवला. त्या दिवशी दुसऱ्या पायाला त्यानं हात लावला नाही.