घरच्या वाणाचा गळा

गवंड्याला बसवत नव्हतं. कामावर निघायची वेळ झाली होती, थापी आणि ओळंबा पिशवीत पडला होता, आणि तो मात्र अंगणात येरझाऱ्या घालत होता. कुत्री माजावर आली होती. जोडी आज-उद्याच लावायला हवी होती. कुणाशी, ते ठरत नव्हतं.

अंगणात दोरीला बांधलेला म्हातारा कुत्रा तिचा मामा. शिकारी कुत्र्यांचं हे वाण गवंड्याच्या आजोबांपासून घरातल्या घरातच चालत आलेलं. मामा-भाची, आजा-नात. कारण एकच, गळा. माग सापडला की या वाणाचा कुत्रा लांब, भरलेला सूर लावायचा. धुक्यात टेकडीवर उभं राहून, नुसत्या आवाजावरून, डुक्कर कुठल्या ओहोळात वळलं आणि पुढे कोण धावतंय ते गवंडी सांगायचा. कुत्रा डोळ्यांनी बघावा लागला, असं कधी झालं नव्हतं. वडिलांच्या बाबतीतही झालं नव्हतं.

पण मागचं वेत सगळं गेलं होतं. पिल्लं फाटक्या टाळूची. पाजलेलं दूध नाकावाटे बाहेर यायचं. कामावर खाडे करून गवंडी कापसाच्या बोळ्याने पाजत बसला. एकही राहिलं नाही. त्याआधी हिच्या आईच्या वेतातली ही एकटीच वाचलेली.

"मामालाच लावू," तो म्हणाला. "या वेळी निभावेल."

बायको दाराशी चपला घालत होती. "मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"अगं, बाहेरचं रक्त आलं की गळा जाईल."

"गळा ठेवाल हो. पिल्लं कुठून आणाल?" ती उंबऱ्यावर थांबली. "परवा बिगाऱ्याला शिव्या घातल्यात. विटांच्या सांध्यावर सांधा आणला, भिंत फाटेल म्हणून अख्खा थर उतरवायला लावलात. आणि इथे आजोबांपासून सांध्यावर सांधा रचताय, तो कुणी उतरवायचा?"

गवंड्याने पिशवी भिंतीला टेकवली आणि कुत्रीची साखळी सोडली.

बायकोचा धाकटा भाऊ ओढ्यापलीकडे राहायचा. ट्रक दुरुस्त करायचा. त्याच्याकडे कुठून तरी लांबून आणलेला उंच, पट्टेरी कुत्रा होता. नाक तिखट, पायाला दम, पण धावताना मुका.

"या दाजी! वरात घेऊन आलात?" मेहुणा ट्रकखालून सरपटत बाहेर आला. "आमचा मुका चालेल का तुमच्या गाणारणीला?"

"तोंड बंद कर आणि फाटक उघड."

"बघा हं. पोरं बापावर गेली तर गप्प राहतील."

"तुझ्यावर गेली तर झोपेतही बोलतील."

जोडी लागली तेव्हा गवंड्याने तिकडे पाहिलं नाही. ट्रकभोवती फिरत राहिला, ढिले नसलेले नट हाताने चाचपत.

कुत्री व्याली. गवंड्याने प्रत्येक पिल्लाच्या तोंडात बोट घालून टाळू पाहिली. सगळ्यांची धड. दूध पोटात जात होतं.

"आता तरी बसा," बायको म्हणाली.

तो बसला नाही. पिल्लं भुकेला केकाटत, एकमेकांवर गुरगुरत, पण त्यावरून काही कळत नाही. गळा कळतो तो मागावरच. ती वाढेपर्यंत गवंड्याच्या जिवाला चैन नव्हतं. भिंत रचतानाही कुठे कुत्रं भुंकलं की त्याची थापी थांबायची.

शेवटी एका धुकट सकाळी मेहुण्याने माग पाडायला डुकराचं कातडं ओहोळातून ओढत नेलं आणि वर येऊन उभा राहिला. कुत्री घरीच ठेवली होती. तिने सूर लावला असता आणि पोरांचं ऐकूच आलं नसतं. गवंड्याने पिल्लं सोडली.

झुडपं हलली. मग तेही थांबलं. आवाज नाही. मेहुण्याने तोंड उघडलं, गवंड्याकडे पाहिलं आणि मिटलं. गवंडी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

ओहोळाच्या वळणावरून आवाज आला. जाड, तुटक, पोटातून निघाल्यासारखा. घरच्या सुराशी त्याचं काही नातं नव्हतं. पण टेकडी चढून वर येत होता.

"कोण हो ते?" मेहुण्याने विचारलं.

हा प्रश्न लोक त्याला जन्मभर विचारत आले होते, आणि उत्तर त्याच्या ओठांवर तयार असायचं. त्याने कान दिला. पुन्हा दिला.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि उतारावरून धावत सुटला.

"अहो दाजी, गुडघे!"

गवंड्याने ऐकलं नाही. आवाज थांबायच्या आत त्याला तो कुत्रा डोळ्यांनी बघायचा होता.