पाठ फिरवून

आमची वाडी भोर तालुक्याच्या अगदी कडेला, नदीच्या पुलाला चिकटून आहे. पूल ओलांडला की वेल्हे तालुका. पूल बांधायला आलेली माणसं काम संपल्यावर इथंच राहिली, त्यात माझे आजेसासरेही होते. पुढं एका पुरात पुलाचे कठडे वाहून गेले. ते पुन्हा कुणी बसवलेच नाहीत.

माझी मुलगी पलीकडच्या शाळेत दुसरीत होती. त्या दिवशी पावसामुळं दुपारीच शाळा सुटली. मी पुलाशी पोचले तेव्हा गढूळ पाणी पुलावरून वाहायला लागलं होतं आणि ती समोरच्या काठावर एकटीच उभी होती. मी दोन्ही हात हलवत ओरडले, "येऊ नको!" नदीच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. मी बोलावतेय असं वाटून तिनं पाण्यात पाय टाकला.

माझ्यामागोमाग आलेल्या सासूबाई ओरडल्या, "हात नगं हलवू! पाठ फिरव आन् घराकडं चाल. तू दिसलीस तर ती यील."

मी वळले आणि चालू लागले. मागं बघायची हिंमत होत नव्हती. सासूबाई झाडाआडून बघत होत्या. शेवटी त्या ओरडल्या, "फिरली माघारी. पलीकडच्या दुकानवालीनं धरलं तिला."

मी तिथंच चिखलात बसले.

पाणी उतरल्यावर दुकानवाली तिला घरी घेऊन आली. "मी येत होते, तर तूच निघून गेलीस," मुलगी रडत म्हणाली. मी तिला घट्ट धरलं.