सोंगक्रानमध्ये आई हरवली होती

आई गेली त्याला आज वर्ष झालं, आणि माझ्या खिडकीखाली लोक नाचायलेत.

त्यांचा काही दोष नाही. बँकॉकमध्ये आज सोंगक्रान आहे, थाई लोकांचं नवीन वर्ष. अख्खा देश रस्त्यावर येऊन एकमेकांवर पाणी ओततो.

सकाळपासून चपला घालते, दारापर्यंत जाते, परत येते. बसवत नाही. म्हणून लिहायलेय.

ज्यांना आई माहीत नाही त्यांच्यासाठी. आई परभणी जिल्ह्यातल्या वालूरची. मी चौथीत असताना बाबा गेले. मग किराणा दुकान आईनंच चालवलं. गल्ल्यावर बसून अख्ख्या गावाशी भांडायची, हसायची.

फक्त धुळवडीला दार लावून आत बसायची.

विधवा बाईनं रंग खेळायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

मी इथं शाळेत मॅथ्स शिकवते. सोंगक्रान टाळते. पहिल्याच वर्षी कुणीतरी मानेवरून बर्फाचं पाणी सोडलं होतं, त्यात लॅपटॉप गेला. तेव्हापासून किराणा भरून ठेवायचा आणि दार बंद.

दोन वर्षांपूर्वी आई आली, ती नेमकी एप्रिलमध्ये.

"आई, हे तीन दिवस बाहेर जायचं नाही. लोक पाणी टाकतात."

"टाकू दे की. उनाळा हाय."

"आई, प्लीज."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तर घर रिकामं. दार नुसतं ओढलेलं. तिचा फोन चार्जिंगला.

आम्ही लिंगायत. इष्टलिंगाच्या पूजेला आईला ताजी फुलं लागायचीच. सकाळी म्हणाली होती, "फुलं सरली गं." ते आठवलं आणि लक्षात आलं, फुलं आणायला गेली.

मी तशीच पळाले.

गल्लीच्या तोंडाशी पहिली बादली बसली. मग पाण्याच्या बंदुका. पिकअप गाड्यांवर पाण्याचे ड्रम, मोठाले स्पीकर. जो तो पांढरी पावडर कालवून दुसऱ्याच्या गालाला लावायलाय. मी ओरडायचे, त्यांना वाटायचं खेळायलीय. अजून पाणी.

आईला थाई येत नाही. आमच्या बिल्डिंगचं नाव येत नाही. बीपीची गोळी घ्यायची राहिलेली.

थाईत आईला 'मे' म्हणतात. भेटेल त्याला मी सांगत सुटले, "मे! मे! इंडिया! साडी!"

मी रडत होते का, ते सांगता येत नाही. तोंडावरून सारखं पाणीच वाहत होतं.

(आत्ता पुन्हा उठून खिडकीत जाऊन आले.)

शेवटी आमच्या बिल्डिंगखाली नूडल्सची गाडी लावणाऱ्या मावशी भेटल्या. त्यांनी "मे, मे" म्हणत माझा हात धरला आणि ओढतच मागच्या बुद्धमंदिरात नेलं.

मंडपात म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसलेली. तरुण मंडळी त्यांच्यापुढं गुडघे टेकून त्यांच्या हातांवर सुवासिक पाणी ओतत होती, आशीर्वाद मागत होती.

शेवटच्या खुर्चीवर आई.

हिरवी साडी ओलीचिंब. दोन्ही गाल पांढरे. गळ्यातलं इष्टलिंग पदराखाली घट्ट धरलेलं. आणि प्रत्येकाला, "सुखी ऱ्हावा. औक्षवंत व्हा."

समोरच्यांना एक शब्द कळत नव्हता. तरी मान झुकवून ऐकून घेत होते.

मी भडकले.

"आई! अक्कल आहे का? किती शोधायले मी तुला!"

"अगं, गजरेवाल्या बाया दिसल्या. म्हणलं ह्या फुलवालीकडंच चालल्या असतील. गेले मागं मागं. तर ह्याहिनं खुर्चीच दिली."

"चल घरी."

"थांब की. लेकरं लाइनीत उभे हायेत."

मग शेजारच्या म्हातारीकडं बोट दाखवलं. "हिनं लावलं गालाला. आदी हातानं इचारलं, लावू का म्हणून."

"आणि तू हो म्हणालीस?"

आईनं समोरच्या पोरीला आधी आशीर्वाद दिला.

"तुझे बाबा गेल्यापासून माझ्याजवळ आलं की लोकं रंगाचा हात मागं घेतेत. हितं कुणाला ठावं हाय, मला नवरा हाय का न्हाई?"

मी तिच्या शेजारी खाली फरशीवर बसले. लाइन संपेपर्यंत.

परत येताना एका पिकअपमधल्या माणसानं बादली उचलली. आईचं वय बघून थांबला. आईनं त्याला दोन्ही हातांनी बोलावलं, "टाक रे बाबा, टाक!"

त्यानं टाकली. आई किंचाळली. आणि त्याच्याच ड्रममधलं पाणी घेऊन त्याच्या तोंडावर फेकलं.

त्याच्या पुढच्या धुळवडीला वालूरला आईनं दार उघडं ठेवलं. अंगणात रंग कालवला.

काका म्हणाले, "वैनी, लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. दुकानात येतेतच की. तवा बघते एकेकाला."

गल्लीतल्या गयाकाकू, त्याही विधवा, दारात उभ्या राहून बघत होत्या. आई गेली आणि त्यांच्या पायांवर थोडासा रंग टाकला. त्या आत पळाल्या. नंतर कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

आईनं मला फोनवर विचारलं, "चुकलं का गं माझं?"

"नाही," म्हणाले. पण तिचा आवाज काही नीट वाटला नाही.

महिन्याभरात दुकानातच छातीत दुखलं. परभणीला नेलं. मी हैदराबादला विमानातून उतरले आणि काकांचा फोन आला.

पुढं रेल्वे. पिंगळीला गाडी थांबली ती हलेचना. पुढचं स्टेशन परभणी, आणि गाडी उभी. मी डब्याच्या दारात उभी राहून कुणावर तरी ओरडत होते. कुणावर, आठवत नाही.

वालूरला पोचले तेव्हा आईला आमच्या रीतीप्रमाणं बसवलेलं होतं. कपाळभर विभूती. मी तिचे गाल धरले. गार होते.

यंदाच्या धुळवडीला मी वर्गात होते. व्हिडिओ कॉल आला. गयाकाकूंचा. याआधी त्यांनी मला कधी फोन केलेला नाही.

केस गुलाबी, कपाळ गुलाबी, चष्म्यावर रंग. मागं गल्लीतल्या आणखी बायका, तोंडाला पदर लावून हसायलेल्या.

"बघ गं बाई," काकू म्हणाल्या, "तुझ्या मायनं बिघडवलं आमाला."

आमच्यात निरोप घेताना म्हणतात तसं,

शरणु शरणार्थी, आई.